दोन पेट्यांच्या मधली रेघ

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि मला इथं कुणाचंच नाव घालायचं नाही, म्हणून मी त्यांना 'हे' म्हणते. लग्न झाल्यापासून तेच म्हणत आले. आता माणूस नाही म्हणून बदलायचं काही कारण नाही.

हे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीनं कामाला होते. मूळचे आम्ही सांगलीकडचे. नोकरीच्या मागं इकडं आलो आणि नवापूर रस्त्याच्या एका इमारतीत दोन खोल्यांत स्थिरावलो. संध्याकाळी वारा फिरला की खिडकीतून कारखान्यांचा वास यायचा, मग खिडकी लावायची आणि पंखा वाढवायचा, इतकंच. घर पगारावर नीट चाललं होतं. पण ह्यांना पहिल्यापासून साउंडचं वेड. सुटीच्या दिवशी माणसं झोप काढतात; हे दांडी गावच्या एका मित्राबरोबर मांडवामांडवांतून तारा ओढत हिंडायचे. मित्र मच्छीमारांच्या घरातला. त्याची होडी त्याचा भाऊ बघायचा आणि हा साउंड बघायचा. दोघांनी मिळून बेसच्या दोन मोठ्या पेट्या, शब्द-सूर ऐकवणारे वरचे चार टॉप, आवाज कमीजास्त करायचा एक मिक्सर असा सगळा संसार उभा केला होता. "माझ्या संसारापेक्षा तुमचा तो संसार चकाचक असतो," असं मी म्हणायचे. हे हसायचे आणि पिवळं फडकं घेऊन पेट्या पुसत बसायचे.

आमची मुलगी बोलत नाही. लोकांना वाटतं तिला ऐकू येत नसेल. उलट आहे, तिला फार ऐकू येतं. डॉक्टरांनी स्वमग्न असा शब्द सांगितला तेव्हा ती चार वर्षांची होती; तो शब्द मला आवडला नाही, कारण ती स्वतःत मग्न नव्हतीच, तिला जगातलं सगळं एकदम येऊन लागत होतं. कुकरची शिट्टी, चटणीचा मिक्सर, रेल्वेचा भोंगा ह्याचं तिला काही नाही. शिट्टी झाली की टाळ्या वाजवते. गाणी तर तिला लागतातच. पण छातीत धबधब करणारा आवाज आला की संपलं. ढोल, डीजे, चढावर घरघरणारा ट्रक. ती कानांवर हात ठेवत नाही, छातीवर दोन्ही तळवे दाबून धरते, जसं काही आतलं बाहेर पडेल, आणि मग डोकं आपटायला लागते.

आणि बापाचा धंदा काय, तर साउंड. मी ह्यावरून ह्यांना पुष्कळ टोमणे मारले आहेत.

इकडं किनाऱ्याला लग्नापेक्षा हळद मोठी असते. मुरबे, दांडी, घिवली, कुठंही जा. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव मांडवात, बायका एकसारख्या साड्यांत, म्हातारेसुद्धा नाचणार. आम्ही बाहेरचे, पण ह्यांच्यामुळं आम्हाला सगळीकडं आमंत्रण. मी मात्र पोरीला घेऊन घरी. हे परत आले की मी फणकाऱ्यानं पान वाढायचे आणि हे मुकाट्यानं जेवायचे.

एकदा मुरब्याची हळद होती, नवरी ह्यांच्या मित्राच्या नात्यातली. मित्राची बायको स्वतः न्यायला आली, नाही म्हणता येईना. मनात म्हटलं, लांब उभं राहू, गाणी सुरू झाली की निघू. पण आम्ही पोचलो तोवर गाणी सुरू झालेलीच होती. रिक्षातून उतरताच पोरीनं माझा हात झटकला आणि ओरडत मैदानात पळाली. मी मागं. माणसं बाजूला होत होती, कुणी हसत होतं, कुणी "आई कुठाय हिची" म्हणत होतं. आई मागं धापा टाकत होती. आणि पळता पळता पोरगी एका जागी थांबली. अशी थांबली की मला वाटलं पडली. पण ती उभी होती. छातीवरचे हात हळूहळू खाली आले. तिनं मान वर केली आणि हसली.

तेवढ्यात हेही मिक्सर सोडून धावत आले. तिला उचलायला वाकले आणि तसेच राहिले. मग सरळ झाले, एक पाऊल डावीकडं गेले, परत आले, एक पाऊल उजवीकडं गेले, परत आले. मला वाटलं ह्यांचंही डोकं फिरलं. "इथं ये," म्हणाले, "माझ्या जागी उभी राहा." मी उभी राहिले. गाणं ऐकू येत होतं, सगळं, शब्द न् शब्द, टाळ, बासरी, पोरांच्या आरोळ्या. फक्त ती धबधब नव्हती. एक पाऊल सरकले तर छातीत धप्प. परत जागेवर आले तर काही नाही. एवढ्या गोंधळात पायाखाली एवढीशी जागा, आणि तिच्यात आम्ही तिघं दाटीवाटीनं उभे.

गाणं बदललं तशी ती जागा सरकली. पोरगी दोन पावलं इकडं गेली, जागा बरोबर शोधली आणि पुन्हा थांबली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला परातीत पाणी घ्यायला लावलं. स्वयंपाकघरात, फरशीवर बसून. परातीच्या एका कडेला एक बोट, दुसऱ्या कडेला दुसरं, आणि दोन्ही बोटं एकदम पाण्यात वरखाली. "बघ, दोन्हीकडनं लाटा निघतात. काही ठिकाणी एक लाट वर उचलते तेव्हाच दुसरीही वर उचलते, तिथं पाणी उसळतं. आणि काही ठिकाणी एक वर उचलते तेव्हा दुसरी खाली ओढते. तिथं पाणी हलतच नाही." त्यांनी तुळशीचं एक पान सोडलं. ते इकडं तिकडं नाचत होतं आणि एका जागी गेल्यावर खरंच थांबल्यासारखं झालं. मी म्हटलं, "समजलं, आता फरशी कोण पुसणार?" पण मला ते फार आवडलं होतं. पोरगी परातीशेजारी पोटावर झोपून त्या पानाकडं बघत होती.

मग ह्यांच्या डोक्यानं घेतलं. गाण्यागणिक जागा सरकते, ती सरकू द्यायची नाही. मित्राशी बोलून, चार ठिकाणी करून बघून शेवटी ते जमलं. प्रत्येक बेसच्या पेटीला मागं एक लाल तार लागते आणि एक काळी. एका पेटीला ती उलटी लावायची. मग एक पेटी हवा पुढं ढकलते त्याच क्षणी दुसरी मागं ओढते, आणि दोघींपासून सारख्या अंतरावर जी सरळ रेघ निघते तिच्यावर धबधब पोचतच नाही, गाणं कुठलंही असो. वरचे टॉप तसेच गात राहतात. ज्याला नाचायचं त्याला मात्र त्या रेघेवर काही मजा नाही, म्हणून हे पेट्या अशा मांडायचे की नाचणारे एका पेटीच्या पुढ्यात येतील आणि मधली रेघ मांडवाच्या कडेनं जाईल. समोर मोठी भिंत असली की आवाज आपटून परत यायचा आणि रेघ बिघडायची, त्यामुळं बोईसरच्या हॉलमध्ये हे जमायचं नाही. पण किनाऱ्याच्या गावांत मांडव उघड्यावर, पलीकडं सुरूची झाडं नि समुद्र. तिथं रेघ निघायची.

त्या रेघेवर हे घरून नेलेली लोखंडी घडीची खुर्ची मांडायचे. तिच्यावर आमची पोरगी.

मग मीही जायला लागले. एकसारखी साडी मलाही मिळाली. मी नाचलेसुद्धा, घिवलीच्या एका हळदीत, आणि हे मिक्सरवरून बघून दात काढत होते. हळूहळू लोकांना कळलं की त्या खुर्चीच्या मागंपुढं बसलं की छातीत धडधडत नाही. आज्या आपापल्या खुर्च्या ओढून तिच्या ओळीत बसायला लागल्या, लेकुरवाळ्या बायका बाळांना तिथं निजवायच्या. "बाय, तुजी पोर लय शानी हाय, जागा बरोबर पकडते," असं एक आजी दर वेळी म्हणायची. एवढा दणका चाललेला आणि एका सरळ ओळीत म्हाताऱ्या डुलक्या घेताहेत, बाळं झोपलीयत आणि सगळ्यांत पुढं आमची मुलगी गाण्यावर बोटं हलवत बसलीय. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुखाचं चित्र कुठलं विचारलं तर मी हेच सांगेन.

कार्यक्रम दहाच्या आत बंद व्हायचा. शेवटचं गाणं संपलं की हे मिक्सर बंद करायचे, पिवळ्या फडक्यानं हात पुसत खुर्चीच्या मागून यायचे आणि खुर्चीच्या लोखंडी पाठीवर बोटानं दोनदा वाजवायचे. टक टक. ती उठायची. हे खुर्ची मिटायचे आणि आम्ही घरी. मी मधेच कधी म्हटलं, "चल गं, उशीर झाला," तर ती ढिम्म हलायची नाही. त्यांनी वाजवलं की उठणार. बापलेकीचं ते ठरलेलं होतं, त्यात मला जागा नव्हती आणि मला त्याचा कधी कधी रागही यायचा.

हे गेले पहिल्या पाळीला जाताना. वाटेतच छातीत कळ आली, टपरीवाल्यानं बसवलं, पाणी दिलं, रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. सगळं इतकं साधं झालं. डबा तसाच भरलेला परत आला. मला तो उघडवेना, शेजारणीनं धुतला.

पोरीला शेजारी ठेवली होती. गावाकडून जमलेल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, तिला दाखवू नका, घाबरेल, डोकं आपटेल. त्या वेळी मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती. त्यामुळं तिनं बाप गेलेला पाहिलाच नाही. तिच्या लेखी ते सकाळी कामावर गेले होते आणि अजून आले नव्हते, एवढंच. मी तिला सांगितलं, पुष्कळदा सांगितलं. फोटोला हार घातला, तिचा हात धरून हात जोडायला लावले. तिनं हार काढून गादीवर ठेवला. पाळी सुटायच्या वेळी ती दाराशी जाऊन बसायची. तिन्ही पाळ्यांच्या वेळा तिला पाठ होत्या.

ह्यांच्या मित्रानं साउंड चालू ठेवला. त्यालाही तेवढाच आधार होता. पुढच्या हळदीच्या आधी त्याचा फोन आला. "वयनी, पोरीला घेऊन या. तार मी उलटीच लावली हाय. दादाची खुर्ची पन मांडतो. तिला बरं वाटंल." मी फोन ठेवून रडले. ह्यांची माणसं ह्यांना विसरली नाहीत ह्याचं ते रडणं होतं, त्यात थोडं सुख होतं.

आणि पोरीला खरंच बरं वाटलं. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदा शांत बसली. आज्या येऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून गाणी ऐकत होते आणि वाटत होतं, हे एवढं तरी राहिलं आपल्याकडं.

शेवटचं गाणं संपलं. ती ताठ बसली. मान वळवली नाही, फक्त वाट बघत होती, कारण हे मागून यायचे. मी म्हटलं, "चल, बाळा." नाही. मी मागं जाऊन खुर्चीवर दोनदा वाजवलं. तिनं वळून माझं बोट बघितलं आणि परत समोर बघायला लागली. मित्रानं वाजवलं. नाही. तारा गुंडाळल्या, पेट्या टेम्पोत चढल्या, मांडवातले दिवे निम्मे झाले, तरी ती बसून. शेवटी आम्ही दोघांनी तिला खुर्चीसकट उचललं. ती जी किंचाळली ते मी विसरू शकत नाही. बोलता न येणारं लेकरू सगळा जोर लावून एकच गोष्ट सांगत होतं की मी इथून हलले तर त्यांना सापडायची कशी.

तेव्हा मला कळायला हवं होतं, पण मला वाटलं, पहिलीच वेळ आहे, सवय होईल. आणि माणसं इतकी चांगली होती! मित्रानं सगळीकडच्या साउंडवाल्यांना सांगितलं होतं. सातपाटीचा कुणी, घिवलीचा कुणी, पालघरचा कुणी. ज्यांची आमची ओळखही नाही ते फोन करायचे. "भाभी, आज हमारा प्रोग्राम है, वायर उल्टा कर दिया है, बच्ची को ले आना." कुणी कुणी स्वतःची खुर्ची मांडून ठेवायचं. अशा प्रेमाला नाही कसं म्हणायचं? मी न्यायचे. ती बसायची, शांत व्हायची, गाणं संपलं की वाट बघायची, आणि मग तेच. दर वेळी ती खुर्ची मांडून आम्ही सगळे मिळून तिला जणू सांगत होतो की थांब, बाबा येताहेत. आणि दर वेळी तिला उचलून आणत होतो. दयेपोटी इतकं वाईट कुणी कुणाशी वागलं नसेल.

मग ती स्वतःच जागा शोधायला लागली. कुठंही लांबून दणका ऐकू आला की माझा हात ओढायची. जो आवाज तिला मारून टाकायचा त्याच्याकडं ती आता छाती दाबून, दात आवळून चालायची, कारण त्याच्या पोटात कुठंतरी ती जागा असते आणि त्या जागेवर बाबा येतात. गणपतीच्या मांडवापुढं, कुणाच्या वाढदिवसाला, ती पाऊल पाऊल सरकत जायची, सापडलं की हात खाली सोडून उभी राहायची. मी बाजूला उभी राहून घड्याळ बघायचे. आणखी काय करणार?

एका दुपारी बोईसर स्टेशनच्या रस्त्याला कपड्यांचं नवं दुकान उघडत होतं. दाराच्या दोन बाजूंना दोन पेट्या, दणक्यात गाणी. मी भाजी घेत होते. पिशवी या हातातून त्या हातात घेईपर्यंत पोरगी सुटली. वळून बघते तर रस्त्याच्या मधोमध, वाहनांच्या गर्दीत, हात खाली सोडून उभी. जागा तिला तिथं सापडली होती. टेम्पोवाल्यानं ब्रेक दाबला तो तिच्यापासून हातभर अंतरावर. तो शिव्या देत होता आणि ती वळूनसुद्धा बघत नव्हती. मागून येणाऱ्या माणसाची वाट बघत होती. मी तिला ओढून कडेला आणली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिथंच भाजीवालीच्या पाटीशेजारी बसून रडले.

त्याच आठवड्यात मी दांडीला गेले. मित्र अंगणात जाळं शिवत होता. मी म्हटलं, "भाऊजी, आता तार उलटी लावू नका. सगळ्यांना सांगा, सरळ लावा."

तो आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाही. "वयनी, काय बोलता? दादाची तेवडीच तं खूण हाय. त्याच्या हातची."

"मला माहीत नाही का?"

"पोरीला सुख वाटते तिथं. तुमी तेवडं पन काडून घेनार तिचं?"

मी चिडले. मी लवकर चिडते, हे म्हणायचे की हिला डोळे वटारायला रिकामी भिंतही पुरते. मी म्हटलं, "सुख वाटतं ते गाणं चालू आहे तोवर. गाणं संपल्यावर तिला उचलायला तुम्हीच असता ना? बघता ना तिचं तोंड? जोवर ती जागा आहे तोवर ती वाट बघणार, भाऊजी. उद्या रस्त्यात बघेल, परवा रुळावर बघेल. मला एक गमावून झालंय."

 त्यानं सुई जाळ्यात तशीच खोचून ठेवली. मग म्हणाला, "माज्याने नाय होनार." थोड्या वेळानं म्हणाला, "माज्या भाचीची हलद हाय. आपलाच मांडव. तिथं बघू." त्याचे डोळे भरले होते, मी बघितलं नाही असं केलं.

भाचीची हळद दांडीलाच, समुद्राच्या बाजूच्या मैदानात. पलीकडं वीज केंद्राचे दिवे लागले होते. रेघ नेहमीसारखी मांडवाच्या कडेनं, आज्या ओळीनं बसलेल्या, पुढं लोखंडी खुर्ची आणि तिच्यावर पोरगी. मी तिला मुद्दाम तिच्या आवडीचा निळा फ्रॉक घातला होता, का ते मला सांगता येणार नाही. मित्र पेटीच्या मागं उकिडवा बसला होता. दोन गाण्यांच्या मधे तो माझ्याकडं बघायला लागला. मी बघत राहिले. गाणं सुरू झालं. पुन्हा संपलं, पुन्हा त्यानं बघितलं. त्याला वाटत होतं मी नको म्हणेन. मलाही तसंच वाटत होतं. तिसऱ्या वेळी मी मान हलवली.

त्यानं लाल तार सोडवली, काळी सोडवली, आणि जिथं ज्याची जागा तिथं लावली. दोन मिनिटांचंही काम नाही.

पुढचं गाणं सुरू झालं आणि धबधब रेघेवरून धावत आली. आज्या दचकल्या, एक बाळ रडायला लागलं. पोरगी खुर्चीतल्या खुर्चीत दुमडली. दोन्ही तळवे छातीवर. मी पाच पावलांवर उभी होते आणि स्वतःचाच हात धरून ठेवला होता. ती उठली, डावीकडं सरकली, सापडलं, थांबली. गाणं बदललं, जागा गेली. उजवीकडं सरकली, पुन्हा सापडलं, पुन्हा गेलं. परत खुर्चीपाशी आली. खुर्चीला हात लावून बघितला, जसं काही खुर्चीच दुसरी असावी. मग मिक्सरकडं बघितलं. तिथं जो माणूस उभा होता तो कोण आहे हे तिनं नीट, बराच वेळ बघितलं. आजवर तिनं कुणाकडं इतका वेळ बघितलेलं मला आठवत नाही.

आणि मग ती माझ्याकडं आली. पळत नाही, चालत. माझ्या पोटात डोकं खुपसलं. डोकं आपटलं नाही. खुपसून ठेवलं, आणि तिचं सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ती किंचाळायची, रडायची नाही. मी तिला घेऊन सुरूच्या झाडांकडं गेले, आवाजापासून लांब, आणि आम्ही दोघी तिथं वाळूत बसून रडलो. मी तिला म्हटलं, "बाबा नाहीत गं." हजारदा सांगितलेलं. ह्या वेळी तिनं माझा हात घेऊन आपल्या छातीवर दाबला.

कार्यक्रम संपल्यावर खुर्ची घ्यायला आम्ही मांडवात परतलो. माणसं पांगली होती. मित्र पाठमोरा बसून तारा गुंडाळत होता. खुर्ची होती तिथंच होती. क्षणभर टेकावं म्हणून मी तिच्यावर बसले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसले नव्हते.

आता सगळ्या मैदानात कुठंच धबधब नव्हती. लांबून फक्त समुद्राचा आवाज. पेट्या एकेक करून टेम्पोत चढल्या. मित्र म्हणाला, "वयनी, चला, सोडतो." मी हो म्हटलं आणि बसून राहिले. ती 'लय शानी' म्हणणारी आजी जवळून गेली, काहीतरी बोलली, मी ऐकलं नाही. मी समोर बघत होते. मान वळवत नव्हते. मला कळत होतं की मी काय करते आहे, आणि तरीही मला उठवत नव्हतं. पोरीला शहाणपण शिकवायला आलेली बाई मी. एवढे दिवस मीही तिच्याबरोबर त्या जागेवर येऊन थांबत होते आणि ते मला कुणी विचारलंही नव्हतं.

मागं खुर्चीच्या पाठीवर बोटाचा आवाज झाला. टक टक.

खोटं कशाला सांगू, एवढ्याशा क्षणात मी सगळं विसरले. मला पिवळं फडकं दिसलं, कारखान्याच्या साबणाचा वास आला. मी वळले.

ती उभी होती. बोट अजून खुर्चीच्या पाठीवर. माझ्याकडं बघत नव्हती, खुर्चीकडं बघत होती, मी कधी उठते ह्याची वाट बघत.

मी उठले. तिनं खुर्ची मिटली.